कॅमेरा घेऊन गल्लीत शिरण्याआधी

मनू,

तुझे सगळे फोटो पाहिले गं. रात्री एकदा भरभर आणि सकाळी चहा घेताना पुन्हा निवांत. मुंबईत नवीन आलेली पोरं आधी गेटवेला जातात, तू थेट वांद्र्याच्या चॅपल रोडला जाऊन पोचलीस, याचंच मला कौतुक वाटलं. तुला रंग दिसतो. निळ्या भिंतीसमोर पिवळी छत्री येईपर्यंत थांबायचं, हे तुला कुणी शिकवलेलं नाही, तरी तू थांबलीस.

फक्त फोटोंखाली तू जी ओळ लिहिलीस ना, ‘ताई, एकालाही कळलं नाही मी काढतेय ते!’, तिच्याबद्दल बोलायचंय. ओरडत नाहीये. फोनवर बोलले असते तर तू मध्येच ‘हो गं, कळलं’ म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय.

समोरच्या माणसानं पोझ घेऊ नये, एवढीच आपली गरज असते. त्याला पत्ताच लागू नये, ही गरज नसते. ती आपली भीती असते. कुणी विचारेल, कुणी रागावेल, कुणी ‘काय गं ए’ म्हणेल, याची भीती. आपण तिला हुशारीचं नाव देतो. मला विचारशील तर हे लपणं जितक्या लवकर सुटेल तितके तुझे फोटो चांगले होतील.

तू लगेच म्हणशील, मोठमोठ्यांनी लपूनच काढलेत की. खरंय. आंरी कार्टिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी टेप चिकटवायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. हेलन लेव्हिट न्यूयॉर्कच्या गल्ल्यांमध्ये काटकोनात बघणारा व्ह्यूफाइंडर वापरायची. तोंड एकीकडे आणि फोटो भलतीकडचा. वॉकर इव्हान्सनं तर 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. पण त्याचं पुढचंही ऐक. त्या फोटोंचं पुस्तक त्यानं काढलं 1966 मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोवर त्या डब्यातली माणसं म्हातारी झाली होती, काही गेली असतील, कुणाला त्या दिवशी कुठं जात होतो हेही आठवत नसेल. तू सकाळी काढलेला फोटो दुपारच्या जेवणाआधी इन्स्टाग्रामवर होता. त्यातली बाई तोवर बाजारातून घरीसुद्धा पोचली नसेल. त्यांचं लपणं आणि आपलं लपणं यात हा फरक आहे, आणि तो लहान नाही.

आणि गंमत बघ, तोच कार्टिए-ब्रेसाँ स्वतःचा फोटो कुणाला काढू द्यायला अजिबात राजी नसायचा. जगभरच्या रस्त्यांवर दुसऱ्यांना टिपणारा माणूस स्वतःवर कॅमेरा आला की तोंड लपवायचा. कॅमेऱ्याच्या पुढे उभं राहणं काय असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं म्हणून.

आता भिंतींकडे येते, कारण तुझ्या प्रत्येक फोटोत भिंत आहे. मुंबईला भिंतीवर लिहायची सवय जुनी. घोषणा, निवडणुकीच्या निशाण्या, ‘येथे कचरा टाकू नये’, क्लासच्या जाहिराती, सिनेमाची पोस्टरं, एकावर एक. पण मुद्दाम बघण्यासाठी रंगवलेल्या भिंती वाढल्या त्या गेल्या दीड-दोन दशकांत. 2009 मध्ये माहीम ते दादर तुळशी पाइप रोडच्या बाजूची रेल्वेची लांबलचक भिंत महापालिकेनं रंगवायला दिली, आणि चित्रकारांबरोबर कॉलेजची मुलं, नोकरदार, हौशी माणसं येऊन प्रत्येकानं आपापला तुकडा रंगवला. 2012 मध्ये रणजित दहिया या चित्रकारानं बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. चॅपल रोडवरची ती अनारकली त्याचीच. रिक्लेमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके बघून ये. आपल्याकडे सिनेमा जन्माला घालणारा माणूस टेलिफोनच्या इमारतीवर एवढा मोठा बसलाय. 2017 च्या अखेरीला ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेनं मोठं कलाप्रदर्शन भरवलं. 2018 मध्ये चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या इमारतीवर एदुआर्दो कोब्रा या ब्राझीलच्या चित्रकारानं रंगीत चौकटींतले गांधीजी काढले. तू रोज त्यांच्या समोरून जात असशील.

या सगळ्या भिंती तुला बोलावतात. त्या रंगवल्याच आहेत त्यासाठी. त्यांच्या समोर उभं राहून हवा तितका वेळ बघ, कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या भिंतीपुढून जी माणसं जातात, ती तुला बोलावत नाहीत. ती दूध आणायला निघालेली असतात. तुझ्या फ्रेममध्ये दोघं शेजारी आले म्हणून दोघांवर तुझा सारखाच हक्क आहे असं नाही. एवढं एक लक्षात राहिलं ना, की बाकीचं बरंचसं आपोआप सुचत जातं.

मग करायचं कसं? सोपं आहे. माणसाच्या मागे लागू नकोस. भिंत निवड आणि उभी राहा. उघडपणे, फोन हातात दिसेल असा. चॅपल रोड आणि शेजारचं रणवार हे बोळकांड्यांचं गाव, तिथं एकेका भिंतीवर ऊन जेमतेम थोडा वेळ येतं. कुठल्या भिंतीवर किती वाजता येतं, हे दोन-चार फेऱ्यांत कळेल. त्या वेळेला जा. फ्रेम पक्की कर, रिकामी जागा कुठं हवी ते ठरव, आणि वाट बघ. तू आधीपासून तिथं असलीस की येणारा माणूस तुझ्या जागेत शिरतो, तू त्याच्या जागेत शिरत नाहीस. ज्याला नको असेल तो थबकतो, हातानं नको म्हणतो किंवा तू थांबलीयस असं बघून वाकून पळत जातो. हे वाकून पळणारे लोक फार गोड असतात, त्यांचे फोटो काढावेसे वाटतात. पण त्यांना ‘या या, जा’ म्हणून वाट दे.

आणि बघ, थोड्या वेळानं लोक तुला विसरतात. समोरचा इस्त्रीवाला, पायरीवर बसलेली आंटी, सायकलवरचा पाववाला. सगळ्यांना कळलेलं असतं की ही पोरगी फोटो काढतेय, आणि तरी जो तो आपापल्या कामात असतो. तुला हवी असलेली सहजता ती हीच. लपून मिळते तिच्यापेक्षा ही जास्त टिकते, कारण तुला दचकावं लागत नाही. हात स्थिर राहतो. लपून काढलेले फोटो मी लगेच ओळखते: वाकडी फ्रेम, निम्मं डोकं कापलेलं, आणि सगळी माणसं पाठमोरी.

झूमचं ठेव बाजूला. रस्त्यापलीकडून लांबड्या लेन्सनं चेहरा ओढून आणता येतो, मागचं छान धूसरही होतं. पण मग भिंतही धूसर होते ना? तुला भिंत आणि माणूस दोन्ही हवेत. तुझ्या फोनचा मुख्य कॅमेरा रुंद बघतो, तोच वापर आणि चालत जवळ जा. पुढेमागे कॅमेरा घेशील तेव्हा 28 किंवा 35 मिमीची एक साधी प्राइम लेन्स पुष्कळ झाली. ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ 8, शटर 1/250 किंवा त्याहून जलद, फोकस भिंतीच्या अलीकडे बांधून ठेवलेला. मग यंत्राशी झगडत बसावं लागत नाही, डोकं वर ठेवता येतं. डोकं वर असणं महत्त्वाचं. नजरानजर झाली तर हसता आलं पाहिजे.

हसायचं आणि बोलायचं, यात तू लाजतेस, मला माहितेय. अनोळखी गल्लीत कॅमेरा घेऊन शिरणं म्हणजे बिनबोलावता कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जाण्यासारखं आहे. जाता येतं, पण दारातून नमस्कार करत जावं लागतं. फोटो आधी काढ, हरकत नाही, क्षण निघून जातो हे मलाही कळतं. पण काढल्यावर नजर चोरून पुढे चालू लागू नकोस. तिथंच थांब. ‘मावशी, भिंतीबरोबर तुमचा फोटो आला, बघता?’ असं म्हणून पडदा त्यांच्याकडे फिरव. बहुतेक जणी हसतात. काही जणी ‘केस बघ कसे आलेत, दुसरा काढ’ म्हणतात. एखादी ‘पुसून टाक’ म्हणते. मग तिच्यासमोर पुसायचा, आणि ‘नुकतेच डिलीट केलेले’ या फोल्डरमधूनही काढायचा. वाद घालायचा नाही. तो फोटो कितीही भारी असो. रणवारमध्ये अजून जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली म्हातारी माणसं भेटतील. त्यांची मराठी कानाला वेगळी लागेल, पण ऐकत राहा. ज्या भिंतीला तू लोकेशन म्हणतेस ती त्यांच्या स्वयंपाकघराची मागची बाजू असते. त्यांच्या ओट्यावर मैत्रिणींना बसवून रील करायची नाही, खिडकीतून आत कॅमेरा घालायचा नाही, आणि सकाळी सातला खिदळायचं नाही.

आता जरा कडू भाग.

काही फोटो काढूच नकोस. झोपलेला माणूस. रडणारा माणूस. केईएम, टाटासारख्या हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर राहणारी पेशंटची माणसं. नळावर अंघोळ करणारं, कपडे धुणारं कुणीही. शाळेच्या गणवेशातली मुलं, कारण गणवेशावरून शाळा कळते आणि शाळेवरून पत्ता. आणि बँडस्टँडला, मरीन ड्राइव्हला पाठमोऱ्या बसलेल्या जोड्या. हे तुला खटकेल, कारण तो फोटो सगळ्यांना काढावासा वाटतो. समुद्र, दोन छत्र्या, झालं. पण आपल्याकडे त्या पोरीच्या ओढणीवरून तिच्या भावानं तिला ओळखलं तर तिचं कॉलेज सुटू शकतं. कधी त्याहून वाईटही होतं. तुला मिळणार तीनशे लाइक. हा व्यवहार बरोबरीचा नाही.

दुसरं, गरिबी आणि रंगीत भिंत. हे तुझ्या फोटोंत दोनदा दिसलं म्हणून सांगते. भिंतीवर हसणारी हिरॉइन आणि खाली हात पसरलेली म्हातारी. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय विरोधाभास! पण तो फोटो त्या म्हातारीबद्दल काही सांगतो का? ती कोण, कुठली, काहीच नाही. ती तुझ्या विनोदाची दुसरी ओळ झाली. गरीब माणसाचा फोटो काढूच नये असं मी म्हणत नाही. मग तर अर्धी मुंबई फ्रेमबाहेर जाईल आणि तेही खोटंच. पण तिला तिच्या कामात, बोलण्यात, भांडणात, तोऱ्यात बघ. जे तू स्वतःच्या आईच्या फोटोत शोधशील तेच तिच्यात शोध.

डोरोथिया लँगचा 1936 चा फोटो तुला कॉलेजात दाखवतीलच: कॅलिफोर्नियातल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीतली आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते जगाला कळलं 1978 मध्ये, तब्बल चार दशकांनी, एका वार्ताहरानं तिला शोधून काढल्यावर. तिची तक्रार काय होती माहितेय? फोटो काढणारीनं नावसुद्धा विचारलं नाही, आणि एवढ्या गाजलेल्या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. लँगचा हेतू चांगला होता, त्या फोटोनंतर छावणीत सरकारी मदतही पोचली. पण तोवर ही बाई मुलांना घेऊन पुढच्या गावी गेलेली होती. चांगला हेतू असला की नाव विचारायची गरज उरत नाही असं नाही, एवढंच मला यातून कळतं.

याच्या उलट आपल्या कुलाब्यात घडलं. जेआर नावाचा एक फ्रेंच कलाकार आहे. तो माणसांचे काळेपांढरे चेहरे मोठाले छापून भिंतींवर चिकटवतो. 2011 पासून त्याचा ‘इनसाइड आउट’ हा प्रकल्प जगभर चालू आहे. त्यात लोक आपखुशीनं फोटो काढून घेतात आणि स्वतःच्याच वस्तीत लावतात. ससून डॉकच्या त्या 2017 च्या प्रदर्शनात तिथल्या कोळी बायका आणि गोदीतल्या कामगारांचे असे चेहरे तिथल्याच इमारतीवर लागले. ज्या जागेत त्या पहाटेपासून मासळी उतरवतात, तिथंच त्यांचे चेहरे मजल्याएवढे. तुझ्या आवडीच्या दोन्ही गोष्टी, रस्त्यावरचा माणूस आणि रंगवलेली भिंत, इथं एक झाल्या. आणि ज्यांचा चेहरा त्यांना विचारून झाल्या. न सांगता टिपलेले, कॅन्डिड नव्हते ते फोटो, मान्य. पण विचारलं की फोटो मरतो, हा जो आपला समज असतो ना, तो तिथं खोटा ठरला.

आता कायद्याचं, कारण तू विचारलंस. मी वकील नाही, जे ढोबळ माहीत आहे ते सांगते. रस्त्यावर माणसांचे फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, आणि माणूस घराबाहेर पडला की तो हक्क उंबऱ्यात ठेवून येतो असं नाही. स्त्री खासगी अवस्थेत असताना, जिथं कुणी बघणार नाही असं तिला वाटणं साहजिक आहे तिथं तिचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे; पूर्वी भारतीय दंड संहितेत 354 सी होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 77 वं कलम. फोटोसाठी कुणाच्या मागे मागे फिरलीस तर तेही अंगाशी येऊ शकतं. आणि नौदलाच्या हद्दी, गोद्या, विमानतळ इथले नियम निराळे. मनाईचा फलक दिसला की कॅमेरा बॅगेत. ससून डॉकलासुद्धा आधी दाराशी विचारायचं. कायदा एवढ्यावर थांबतो. त्या छत्रीतल्या जोडीचं काय करायचं, हे तो तुला सांगणार नाही. ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

भिंतीला मात्र कायद्यानं मालक आहे, आणि चित्रकारही आहे, हे आपण विसरतो. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याचा, शिल्पाचा फोटो काढायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट सूट आहे. भिंतीवरच्या चित्राला तशी सरसकट सूट नाही. हौसेनं काढलास, कुणी काही म्हणणार नाही. पण त्याचे टी-शर्ट छापलेस, कॅलेंडर विकलंस, एखाद्या ब्रँडला रील करून दिलीस, की प्रश्न सुरू. मुंबईतलंच एक म्युरल एका विमा कंपनीच्या जाहिरातीत वापरलं गेलं, ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि 2023 मध्ये न्यायालयानं ती जाहिरात ऑनलाइनवरूनही काढायला लावली. तेव्हा भिंत रस्त्यावर आहे म्हणून फुकटची, असं नसतं.

चित्राच्या कोपऱ्यात, खाली गुडघ्याच्या उंचीवर बहुतेक वेळा सही असते. ती शोध, वेगळा फोटो काढ आणि प्रत्येक वेळी नाव लिही. होमाई व्यारावाला आठवतात ना? आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे मुंबईचे फोटो ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापून यायचे ते त्यांच्या नवऱ्याच्या नावानं. बाईच्या हातात कॅमेरा आहे हे तेव्हा कुणाला खरंच वाटायचं नाही. नाव न छापलं जाणं काय असतं, हे आपल्या क्षेत्रातल्या बायकांना कुणी वेगळं सांगायला नको. निदान आपण तरी दुसऱ्याचं नाव गाळू नये.

एक अपवाद. परवानगीशिवाय स्प्रे मारणारी मुलं. महाराष्ट्रात 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, त्यात ती सापडू शकतात. म्हणून तर टायलर मुंबईत आणि डाकू दिल्लीत टोपणनावानं काम करतात, चेहरा दाखवत नाहीत. रात्री कुणी स्टेन्सिल धरून उभा दिसला तर त्याचा हात काढ, डबा काढ, उडणारा रंग काढ. चेहरा काढू नकोस. आणि किल्ल्याच्या दगडावर ‘बंटी लव्हज पिंकी’ कोरणाऱ्याला यांच्यात मोजू नकोस. रायगडाच्या दगडावर पुन्हा चुना फिरवता येत नाही.

चेहरा न दाखवताही माणूस दाखवता येतो, हे शिकण्यासारखं आहे. रघु राय यांचा 1995 चा चर्चगेट स्टेशनचा फोटो बघ. शटर मुद्दाम सावकाश ठेवल्यामुळे सगळी गर्दी धूर झालीय, आणि मधोमध एक जण उभा राहून पेपर वाचतोय. पळणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा ओळखू येत नाही, तरी मुंबईचा यापेक्षा खरा फोटो मला आठवत नाही. तूही सावली वापर, काळ्या आकृत्या वापर, पावलं, पाठीवरचं ओझं, भिंतीवरच्या डोळ्यांसमोरून जाणारा हात. चॅपल रोडच्या भिंतींवर चेहरे भरपूर आहेत, प्रत्येक वेळी जिवंत माणसाचाच चेहरा हवा असं कशाला?

टाकायच्या आधी एक रात्र थांबत जा. दुसऱ्या दिवशी निम्मे फोटो आपलेच आपल्याला नकोसे होतात. उरलेल्यांना हे विचार: या माणसाच्या शेजाऱ्यानं हा फोटो पाहिला तर त्याला मान खाली घालावी लागेल का? लागणार असेल तर तो फोटो तुझ्या हार्डडिस्कवर राहू दे, इव्हान्ससारखा. लोकेशन बंद ठेव. फोटोखाली गोष्ट रचू नकोस. ‘दिवसभर उपाशी असलेली ही माउली’ असलं काही लिहायचं नाही. तिनं नुकताच वडापाव खाल्लेला असेल. माहीत असेल तेवढंच: जागा, महिना, चित्रकाराचं नाव. आणि कुणी मेसेज करून ‘हा माझा फोटो आहे, काढा’ म्हटलं, तर का ते न विचारता काढ.

एक वही कर. ब्रासाईनं पॅरिसच्या भिंतींवरच्या खरडलेल्या चेहऱ्यांचे फोटो 1930 च्या दशकापासून काढले, आणि कुठली भिंत कुठं आहे हे तो वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे काही वर्षांनी परत जाऊन ती कशी बदलली ते बघता यायचं. त्याचं ‘ग्राफिती’ हे पुस्तक आलं 1960 मध्ये. आपल्या भिंती तर त्याहून अल्पायुषी. दोन पावसाळे झाले की रंग सोलतो, सोसायटी नवा हात देते, कुणाचं तरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटतं, नाहीतर इमारतच पुनर्विकासाला जाते. तुळशी पाइप रोडच्या 2009 च्या चित्रांवर आता किती थर चढलेत बघ. तू तारीख लिहून काढलेला साधा, सरळ, अख्ख्या भिंतीचा फोटो वीस वर्षांनी तुझ्या सगळ्या कलात्मक फोटोंपेक्षा जास्त कामाचा ठरू शकतो.

आता तुझ्यासाठी, कारण आई मलाच विचारणार. गल्लीत एकटी जातेस तर कुठं चाललीस ते मैत्रिणीला कळवून जा. अंधार पडायच्या आत बाहेर. फोनचा पट्टा मनगटाला गुंडाळ. दोन-चार टोळभैरव ‘हमारा भी निकालो’ करत येतील. एक फोटो काढ, दाखव, ‘थँक्यू भाऊ’ म्हण आणि चालू लाग. अंगावर येतायत असं वाटलं तर जवळच्या दुकानात शीर, दुकानदार काकांशी बोलत उभी राहा. कुणी दमात घेतलं की ‘कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी’ असलं खोटं सांगू नकोस. ‘मला ही भिंत आवडते, तिचे फोटो काढते’ हे खरं कारण पुरतं. उघडपणे उभं राहण्याचा हा आणखी एक फायदा: गल्ली तुला ओळखायला लागली की तीच तुझी राखण करते.

आणि प्रिंट काढत जा गं. ज्यांनी हसून होकार दिला त्यांचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट, एका चहाच्या आसपास खर्च येतो. पुढच्या फेरीला नेऊन द्यायचे. पहिल्यांदा अवघडशील. दुसऱ्यांदा त्याच तुला हाक मारून विचारतील, आमच्या सुनेचा काढतेस का, गणपतीत येतेस का. तिथून पुढे जे फोटो मिळतात ते बाहेरून आलेल्या कुणालाही मिळत नाहीत, त्याचा कॅमेरा कितीही लाखाचा असो.

कॅमेरा-लेन्सचं दिवाळीनंतर बघू, तोवर पैसे साठव. आधी चांगले बूट घे. त्या कोल्हापुरी चपलांनी मुंबईच्या फुटपाथवर दिवसभर चालणं होणार नाही.

तुझी,
ताई